तुटलं तर काय घेऊन जाईल?

विमानाच्या इंजिनातलं मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं तरी जुहूच्या हँगरमधल्या एका मेकॅनिकचं आहे. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून मीही. त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं. कागदावर सही इंजिनिअर साहेबांची व्हायची, पण पेन उघडण्याआधी साहेब काकांच्या तोंडाकडे बघून घ्यायचे.

सेस्ना 152 च्या लायकमिंग इंजिनात अल्टरनेटर पुढे असतो. प्रोपेलरच्या मागे स्टार्टरची दातेरी रिंग, तिला लागून पुली आणि त्या पुलीवरून अल्टरनेटरकडे जाणारा बेल्ट. त्यामुळे चार पैशांचा बेल्ट बदलायलाही अख्खा प्रोपेलर उतरवावा लागतो. ताण अंगठ्यानं दाबून बघितलेला काकांना चालत नसे. अल्टरनेटरच्या पुलीच्या नटावर टॉर्क रेंच लावायचा आणि बेल्टखाली पुली नेमकी किती जोराला घसरते ते वाचायचं. फार ताणला तर बेअरिंग जातं, सैल सोडला तर बेल्ट घसरत घसरत जळतो. नवा बेल्ट पंचवीस तास उडाला की तपासणी पुन्हा.

कॉलेजातून नुकताच आलेला मी एकदा विचारून बसलो, की एवढी कटकट कशाला, सरळ गिअर का नाही लावत? काकांनी मला हँगरमध्ये आलेल्या एका पाहुण्या बोनान्झापाशी नेलं. तिच्या कॉन्टिनेंटल आयओ-520 ला अल्टरनेटर पुढेच, पण गिअरवर चालणारा. घसरण्याचा प्रश्न नाही, प्रोपेलर काढण्याचाही नाही. मधे रबर असलेलं कपलिंग असतं. अल्टरनेटर जाम झाला तर ते घसरावं, म्हणजे झटका गिअरपर्यंत जाऊ नये, अशी योजना. पण ते कपलिंगच फुटलं तर? तुकडे क्रँककेसमध्ये, तेलात. "बेल्ट तुटला तर काउलिंगमध्ये फडफडेल, लाल दिवा लागेल, इंजिनला पत्ताही नाही," काका म्हणाले. "हे तुटलं तर काय घेऊन जाईल, ते आधी विचार. मग मला गिअर सांग."

पुढे नोकरीनं मला विचिटाला नेलं, जिथे 152 बनायची त्याच गावात. तिथे गॅरेजमध्ये मी आरव्ही-7 हे विमान स्वतः बांधायला घेतलं. इंजिन लायकमिंग ओ-360, म्हणजे पुन्हा बेल्टच. तेव्हा रॉबर्ट नकल्स यांचं 'द एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हातात पडलं. वाचताना हसू येत होतं. कुठलाही भाग बिघडणारच असं धरून आखणी करा, म्हणजे तो बिघडला तरी वैमानिकाला घाम फुटणार नाही, हे सांगायला त्यांनी भरपूर आकृत्या काढल्या आहेत. काकांनी ते बिडी विझवता विझवता सांगितलं होतं.

पुलीचं गणित मात्र मला स्वतःच करावं लागलं. गुणोत्तर तिपटीचं धरलं तर इंजिनच्या 2,700 फेऱ्यांना अल्टरनेटर 8,100 फेऱ्या मारतो. तो वेग उतरवायला मी अल्टरनेटरला जरा मोठी पुली घेतली. टॅक्सी करताना चार्जिंग थोडं कमी मिळतं, ते चालतं. माझ्या इंजिनला मॅग्नेटो आहेत, त्यामुळे वीज गेली म्हणून इंजिन थांबत नाही. पण समोरचे डिजिटल पडदे आणि रेडिओ बॅटरीवर किती वेळ काढणार? शिवाय व्हॅक्यूमवर चालणाऱ्या उपकरणांऐवजी पडदे आल्यामुळे व्हॅक्यूम पंपाची जागा इंजिनच्या मागे रिकामीच होती. तो पॅड इंजिनच्या 1.3 पट वेगानं फिरतो. तिथे एसडी-8 हा कायम चुंबकाचा छोटा अल्टरनेटर बसवला. आठ अँपिअर. बेल्ट आणि मोठा अल्टरनेटर दोन्ही गेले, तरी निगुतीनं वापरल्यास घरी पोचण्यापुरती वीज.

एका बाबतीत मात्र मी काकांचं ऐकलेलं नाही. प्रोपेलर बसवण्याआधी एक जादा बेल्ट रिंगच्या मागे ओवून बांधून ठेवायची इथे बऱ्याच जणांची रीत आहे, म्हणजे पुढच्या वेळी प्रोपेलर काढायला नको. काकांना हा प्रकार खपत नसे. उष्णता आणि तेल खात तो बेल्ट पडल्या पडल्याच म्हातारा होतो, आणि प्रोपेलर उतरवला की क्रँकशाफ्टचं पुढचं सील नजरेखालून जातं, ती संधीही हुकते, हे त्यांचं म्हणणं. बरोबरच आहे. मी तरी बांधलाय. सील बघायला प्रोपेलर वेगळा उतरवीन.