दोन पाण्यांच्या मधलं घर

भोपाळात कमला पार्कच्या कडेला, मोठा तलाव आणि छोटा तलाव यांच्या मधल्या बांधावर राणी कमलापतींचा महाल उभा आहे. १७२२च्या सुमाराचा, लाखौरी विटांचा. बागेतून पाहिलं तर दोनच मजले दिसतात. गावात मात्र सांगतात की मजले सात, त्यातले पाच पाण्याखाली. सातांवर माझा फारसा विश्वास नाही. पण छोटा तलाव झाला १७९४ साली, महालानंतर सत्तरेक वर्षांनी. तेव्हा पायथ्याचं काहीतरी पाण्यानं गिळलं असणार, इतपत पटतं.

राजवाडा म्हणून तो मला कधी भावला नाही. मला तो चाक बसवायचं राहून गेलेली पाणचक्की वाटतो.

इंग्लंडातल्या जुन्या गिरणीघरांची जागा हीच असते. एका अंगाला अडवून चढवलेलं पाणी, दुसऱ्या अंगाला उतरलेलं, आणि त्या उताराच्या पायरीवर घर. सफकमधलं फ्लॅटफर्डचं गिरणीघर १७३३चं. चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या वडिलांकडे ते होतं. असल्या घरात आधी धान्याची सोय बघितली जाई, मग माणसांची. पोती दोरानं थेट माळ्यावर खेचायची. तिथून धान्य आपल्याच वजनानं मजला मजला उतरत दगडांमध्ये यायचं आणि पीठ होऊन तळाला पोत्यात पडायचं. खिडक्या लहान, तुळया जाडजूड, कारण चाक फिरू लागलं की सगळं घर थरथरे. धान्य संपत आलं की घंटी वाजण्याचीही तजवीज असे; रिकामे दगड एकमेकांवर घासले तर ठिणगी उडायची, आणि पिठाची धूळ पेटायला ठिणगी पुरते. गिरणीवाला झोपत असेल तो एक कान उघडा ठेवूनच. त्या घरांच्या देखणेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी ही झोप विसरू नये.

आपल्याकडे असं घर औरंगाबादला आहे. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यातली पाणचक्की, आणि तिच्याशी जोडलं जातं निजामाच्या पदरच्या तुर्कताज खानाचं नाव. हा निजाम म्हणजे तोच, ज्याला बाजीरावानं १७३७च्या डिसेंबरात आमच्या या भोपाळात कोंडलं आणि पुढच्या जानेवारीत दोराह्याला तह करायला लावला. शाळेत आम्हाला तह शिकवला. चक्की कुणी शिकवली नाही. हर्सूलकडून मातीच्या नळांतून पाणी आणायचं, ते उंच भिंतीत चढवून हौदात सोडायचं, त्याच्या पडण्यावर पाती फिरवायची आणि फकीर-विद्यार्थ्यांच्या भाकरीचं पीठ दळायचं. मला सर्वांत आवडतो तो हौदाखालचा दिवाणखाना. वर पाणी, खाली माणसं. हौदाचा तळ हेच छत. औरंगाबादच्या उन्हाळ्यात तिथं बसलेल्या माणसाला वास्तुकलेवर व्याख्यान द्यावं लागत नाही.

भोपाळनं पाण्याला इतकं राबवलं नाही. भोपाळच्या तेव्हाच्या राज्यकर्त्या शाहजहाँ बेगमनं १८७१ ते १८८४ अशी तेरा वर्षं खर्चून इथला ताजमहाल बांधला, त्यात एक मंडप खास सावन-भादोंचा: कारंजी उडवून श्रावण-भाद्रपदाचा आभास उभा करणारा. मंडप सुंदरच असणार. पण वर्षाचे चार महिने खरा पाऊस कोसळणाऱ्या गावात पाऊस बांधून घेणं, ही चैन मराठी मनाला जरा जडच जाते. फाळणीनंतर त्याच महालात सिंधी निर्वासितांचे संसार काही वर्षं राहिले. इमारतीला तेव्हा कुठं काम मिळालं, असं मला आपलं वाटतं.

गिरणीवाल्याची सवय मात्र या शहरात आहे. मोठ्या तलावाची पूर्ण पातळी १६६६.८० फूट, हा आकडा इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतो. पावसाळ्यात रोज सकाळी पेपरात किती उरलं ते बघायचं, चहाच्या टपरीवर त्यावर वाद घालायचा, शेवटच्या फुटाला जीव टांगणीला लावायचा. पातळी गाठली की तलावाच्या भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि अर्धं शहर छत्र्या घेऊन तिथं लोटतं. त्या धबाबत्या पाण्यावर किती जाती फिरली असती, याचा हिशोब मी दरवेळी मोठ्यानं मांडायला लागतो, आणि बरोबरचे लोक हातात भाजलेलं कणीस देऊन मला गप्प करतात.