फलटणची जुळी कोकरं

ईदच्या सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही फलटणजवळच्या एका मेंढवाड्यावर गेलो. तिथे ‘नारी सुवर्णा’ मेंढीला जुळी कोकरं झाली होती. दख्खनी मेंढीला एरवी बहुधा एकच होतं. पण फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गॅरोल मेंढीचा जुळ्यांचा गुण तिच्यात आणला.

धाकटं कोकरू अशक्त होतं. थोरलं त्याला ढकलून देई. धनगरमामांनी थोरल्याला बाजूला धरलं आणि धाकट्याला आधी चीक पाजला. “चीक पोटात गेला की तगतं,” ते म्हणाले. पुढे ते चारा कुरतडेल. वर्ष-दीड वर्षात समोरचे दोन दुधाचे दात पडून मोठे येतील.

“माझ्यासारखेच!” दात पडलेली आमची धाकटी ओरडली. आम्ही निघेपर्यंत कोकरू स्वतःच्या पायांवर उभं होतं.