दप्तराची गाठ

बत्तीस वर्षे महसूल खात्याच्या निरनिराळ्या कचेऱ्यांतून इतरांच्या जमिनींची चतुःसीमा, आकार, पोटखराबा आणि वहिवाट यांच्या नोंदी करण्यात ज्याची हयात गेली, त्याला स्वतःच्या नऊ गुंठ्यांत कोणता वेल कोणत्या बाजूस चढवावा हे निवृत्तीनंतर बायकोकडून शिकावे लागावे, ही दैवाची थट्टा आहे असे कोणी म्हटले, तर मी हरकत नोंदविणार नाही. राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यातील वडिलोपार्जित घरी आम्ही उभयता राहावयास आलो त्याला सहा पावसाळे लोटले. तालुक्याचे नाव वेल्हे जाऊन राजगड झाले. परंतु कोणी विचारले की माझ्या तोंडून अद्याप ‘तालुका वेल्हे’ असेच निघते, कारण जिभेचा फेरफार मंजूर होण्यास सरकारी ठरावापेक्षा अधिक काळ लागतो.

मार्गशीर्षातील गोष्ट. इंद्रायणीचे भात झोडून झालेले, खाचरांत नुसते धसकट उरलेले आणि परसातला पावटा मात्र ऐन भरात. कारवीच्या काटक्यांचा मांडव मी स्वतः उभारला होता व वेलाचा प्रत्येक फाटा सुतळीने आवळून बांधला होता. सोमवारी सकाळी पाणी घालताना ती मांडवाखाली वाकली, एका गाठीवरून तिने अंगठा फिरविला आणि म्हणाली, “अहो, ही दप्तराची गाठ आहे. वेल काय रुमालात बांधून फडताळात ठेवायचाय? त्याला जाड व्हायचंय अजून.”

गाठ दप्तराचीच होती. जुन्या कागदांचे रुमाल बांधताना ज्या सुरगाठीने फडके घट्ट आवळले जाई आणि साहेबांनी हाक मारताच एका हिसक्यात सुटे, तीच माझ्या बोटांत बसलेली. आणि सुतळीखाली वेलाच्या सालीवर करकोचा पडून तेथील पाने पिवळी पडली होती. मंगळवारचा अर्धा दिवस त्या सत्तावीस गाठी सोडण्यात गेला. तिने चिंध्यांचे सैल फास करून दाखविले, एक बोट आत जाईल एवढे. तीस वर्षे प्राथमिक शाळेत काढलेल्या बाईची शिकविण्याची रीत अशी, की चूक दाखविताना आवाज चढत नाही, परंतु उत्तर पुन्हा लिहावेच लागते.

सायंकाळी आम्ही फिरावयास जातो. साखरच्या रस्त्याने थोडे उतरून परत वळले की समोर पद्मावती माची, डावीकडे लांबवर गेलेली सुवेळा आणि तिच्या कातळातील नेढे, असा सारा देखावा उभा राहतो. नेढ्यातून आरपार दिसणारे आकाश सूर्य कलताना क्षणभर उजळते. त्या क्षणासाठी ती बांधावर बसून राहते आणि मी, सवयीने, कोणाचा बांध कोणी किती कोरला आहे ते पाहात असतो. चौथीच्या वर्गाला शिवाजीमहाराजांचा इतिहास शिकविताना मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड कसा झाला, सुमारे २५ वर्षे स्वराज्याची राजधानी येथे कशी नांदली, १६५९ साली सईबाईंनी येथेच देह कसा ठेवला, हे तिने प्रतिवर्षी सांगितले. आणि ज्या वर्षी गडाच्या कुशीत राहण्याचा योग आला, त्याच वर्षी गुडघ्यांनी रजा घेतली. चोरदरवाज्याची वाट अंगावर येणारी आहे, कातळात रेलिंग धरून चढावे लागते. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, “वर गेलं तर गड दिसत नाही, खालनंच दिसतो.”

बुध-गुरु-शुक्र कसे जातात ते सांगण्यासारखे नाही. अळूला पाणी, दुपारची झोप, रात्री रानडुकरांसाठी डबा बडविणे. रविवार मात्र कोणास विचारावा लागत नाही, कारण पहाटेच तरुणांच्या विजेऱ्यांचा उजेड आमच्या खिडकीवरून फिरू लागतो. २०२५ च्या जुलैत १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत राजगड आहे. तेव्हापासून गाड्यांची दाटी वाढली असा माझा समज आहे, मोजदाद केलेली नाही.

त्या रविवारी लेक आणि नातू आले. दोघे गड चढून दुपारी उतरले, तो नातू आजीला माचीवरील समाधीची, तळ्याची, तटाची हकीकत सांगू लागला आणि ती, जिला त्यातील प्रत्येक दगड पाठ आहे, “हो का? मग पुढे?” म्हणून विचारीत राहिली.

निघताना तिने पावट्याच्या शेंगा एका जुन्या फडक्यात घातल्या आणि ते गाठोडे माझ्यापुढे सरकवून म्हणाली, “हं, आता बांधा तुमची गाठ.”

रात्री नऊला पुण्याहून फोन आला. “आजोबा, सुटतच नाही! आई म्हणते कात्रीनं कापू.”

तिने माझ्या हातून फोन घेतला. “कापू नको रे. शेपटीसारखं एक टोक लोंबतंय बघ. सापडलं? तेवढंच ओढ.”