किनाऱ्याचा हवापालट

माणसाची प्रकृती ढासळली, की त्याला हवापालटासाठी समुद्रकाठच्या एखाद्या शांत गावी न्यावे, अशी आपल्याकडे जुनी रीत होती. ही कल्पना केवळ आपलीच नव्हे. इंग्लंडमधील ब्रायटन हे मूळचे मासेमारांचे गाव. अठराव्या शतकाच्या मध्यास डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नानाच्या उपचाराचा पुरस्कार केला आणि तेथे रुग्णांची रीघ लागली. १८४१ साली लंडनहून आगगाडी आली व रुग्णांमागोमाग सहलकरी आले. पाहता पाहता गावाचे नगर झाले. मुंबईच्या उपनगरांना लाभलेल्या किनाऱ्याची कथाही याहून फारशी निराळी नाही.

साष्टीच्या पश्चिमेस असलेले जुहू हे एकेकाळी भरतीच्या पाण्याने वेगळे पडणारे लहानसे बेट होते. कोळ्यांची मासळी, भंडाऱ्यांचे माड आणि आपल्या ईस्ट इंडियन कुटुंबांची शेती यांवर तेथील संसार चालत. १८६७ साली पश्चिमेची उपनगरी रेल्वेसेवा सुरू झाली, पुढे मोटारी आल्या आणि शहरातील धनिकांना या किनाऱ्याचा शोध लागला. १९२४ साली शस्त्रक्रियेनंतर तुरुंगातून सुटलेले महात्मा गांधी विश्रांतीसाठी जुहूलाच राहिले. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर ते पुन्हा तेथेच आले. मधल्या काळात, १९२८ साली, तेथे विमानतळ झाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन त्याच धावपट्टीवर उतरले. १९६२ साली 'सन अँड सँड' हॉटेल उभे राहिले. मग नटनट्यांचे बंगले आले, भेळपुरीच्या गाड्या आल्या, रविवारची अलोट गर्दी आली. ज्या शांततेसाठी शहर जुहूला आले, ती शहराच्या येण्यानेच संपली. हवा पालटायला आलेल्यांनी गावाचीच हवा पालटून टाकली!

जुहूची विश्रांती सरली, तेव्हा शहर उत्तरेकडे सरकले. मढ, मार्वे, मनोरी, गोराई ही नावे आता शनिवार-रविवारच्या सुटीशी जोडली गेली आहेत. मनोरी व गोराई १९५७ साली महानगरपालिकेच्या हद्दीत आली खरी. परंतु मध्ये खाडी असल्याने ती मनाने गावेच राहिली. मार्व्याहून वा बोरिवलीच्या बाजूने होडीने जावे, नाही तर भाईंदरवरून मोठा वळसा घालावा. या खाडीने गावकऱ्यांची गैरसोय केली आणि गावाचे रक्षणही केले. १९८९ साली गोराईजवळ 'एस्सेलवर्ल्ड' सुरू झाले. त्याचे पाळणे आता थांबले आहेत. २००९ साली जवळच विपश्यना पगोड्याचे उद्घाटन झाले. वर्सोवा आणि मढ यांना जोडणाऱ्या पुलाची व पुढे भाईंदरकडे जाणाऱ्या किनारी मार्गाची योजनाही पुढे आली आहे. खाडीचा पहारा आता फार काळ टिकणारा नाही.

धर्मगुरू या नात्याने घरांच्या आशीर्वादासाठी मला दारोदारी जावे लागते. या किनाऱ्यावरील अनेक घरांत पुढची खोली देव्हाऱ्याची व कुटुंबाची, तर मागच्या दोन खोल्या पाहुण्यांच्या, अशी मांडणी मी पाहिली आहे. मासळीचा भरवसा राहिलेला नाही. पाहुण्यांच्या भाड्यावर मुलीचे नर्सिंगचे शिक्षण पूर्ण झाले, असे एका मातेने मला सांगितले. तिच्या कष्टाला मी नावे कशी ठेवू? पाहुणचार हा आपल्या रक्तातील गुण आहे. त्यातून चार पैसे मिळाले तर त्यात कमीपणा कसला?

परंतु वाचकहो, खोली भाड्याने देणे आणि जमीन विकून टाकणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीत आपण यजमान राहतो. दुसरीत दिवस असा येतो, की ज्या वाडीत आजोबांनी माड लावले, त्याच वाडीच्या फाटकावर नातू पहारेकऱ्याचा गणवेश घालून उभा असतो. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत उंबराचे पाणी आणण्याची आपली प्रथा. ती विहीरच कोणा बंगल्याच्या कुंपणाआड गेली, तर पाणी कोठून आणायचे? वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास पाहुण्यांना सोसवत नाही, म्हणून किनाऱ्यावरून वलांड्याच हटवायच्या झाल्या, तर कोळणीने मासळी कोठे सुकवायची?

कायदा आपल्या पाठीशी मुळीच नाही असे नव्हे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध आले; मात्र २०११ व २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या आणि नियम बदलत गेले. या शतकाच्या पहिल्या दशकात गोराई, मनोरी व उत्तन परिसरात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्राचा प्रस्ताव आला, तेव्हा ग्रामस्थ एकजुटीने विरोधाला उभे राहिले. सरकारी योजनेविरुद्ध आपण मोर्चा काढतो. पण भावाभावांतील वाटणीच्या वेळी, दलालाच्या कागदावर, एकेक गुंठा निमूटपणे हातचा जातो. त्या वेळी मोर्चा कोणाविरुद्ध काढायचा?

म्हणून सही करण्यापूर्वी कुटुंबाने एकदा एकत्र बसावे. सातबारा नीट वाचावा. विहिरीची वाट, क्रूसाची जागा, मासळी सुकवण्याचे खळे या गोष्टी व्यवहारातून वगळाव्यात. विकण्याऐवजी काही वर्षांच्या कराराने देता येईल का, याचा विचार करावा आणि घरातील लेकीसुनांनाही त्या बैठकीत बोलू द्यावे; कारण पाण्याचा हंडा शेवटी त्यांनाच वाहावा लागतो.

दर ऑक्टोबरमध्ये आपण आगेऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या वेदीपाशी आणतो. ज्या उपनगरांत शेतीच उरली नाही, तेथे त्या बाहेरून मागवाव्या लागतात. गोराई-मनोरीत अजून काही शेते उभी आहेत. तेथील लोंब्या तेथल्याच मातीतल्या असाव्यात, एवढे जपणे अद्याप आपल्या हाती आहे.