शिस्त

आमच्या वर्गात दिवसातून दहा वेळा 'शिस्त' हा शब्द निघतो. शाळा उर्दू माध्यमाची. पण बारामतीच्या पोरांना मराठीत रागावलं तरच ते रागावणं वाटतं. हा शब्द फारसीतून आलेला. उर्दूत 'शिस्त बांधना' म्हणजे नेम धरणे, आणि जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमच. बंदुकीच्या नळीवरून रांगेत उभ्या असलेल्या पोरांवर हा शब्द केव्हा येऊन बसला, कोण जाणे.

आम्ही शिकलगार. हे नावही 'सैकल'वरून पडलं. सैकल म्हणजे लोखंडाला दिलेली झळाळी. तलवारी गेल्या, विळे-कोयते-कात्र्या उरल्या, तसे इंदापूर तालुक्यातल्या बाजारांत आमच्या घराण्याचे दगड फिरत राहिले. आमचे दादा मात्र तरुणपणी पुण्यात कॅम्पातल्या एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे कामाला होते. शिकारी तेव्हा चालत. साहेबलोकांच्या, इनामदारांच्या रायफली दुरुस्तीला येत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली, आणि दादा गावी परतले ते धार लावायलाच.

त्यांच्या हातातली विद्या आम्हाला गोष्टींतून मिळाली. बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत. छर्रे पन्नासेक पावलांपुढे विखरून जातात. रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. गोळी त्यांतून गरगरत निघते आणि फिरत्या भोवऱ्यासारखी स्वतःला सावरत लांब जाते. सुपे, कडबनवाडीकडचे माळ उघडे. चिंकारा लांबूनच माणूस हेरते. म्हणून इकडच्या शिकाऱ्याला लांबचा नेम लागे, आणि चुकला की तो दोष रायफलीला देई.

दादा म्हणत, रायफल सहसा बिघडत नाही, तिला माणूस बिघडवतो. गंज पाहून लोक खरकागद मारतात. गंजाबरोबर लोखंडही जातं. दादा तेल लावून दिवसचे दिवस वाट बघत. नळीच्या तोंडाला बारीकसा टवका असला, तर बाहेर पडता पडता गोळीला एका अंगाने धक्का बसतो. आणि लाकूड! अक्रोडाचा कुंदा पावसाळ्यात फुगतो, नळीला खेटतो, आणि उन्हाळ्यात बसवलेला नेम आषाढात सरकतो. दादा नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून बघत. जिथे अडेल तिथे थोडंसं लाकूड तासायचं, मग जवसाचं तेल चोळायचं.

आम्ही लहान असताना त्यांनी आमच्या हाती बंदूक कधीच दिली नाही. वेताची काठी देत. तिच्या टोकाला मेणाचा ठिपका, ती माशी. म्हणत, "मक्खी देख बेटा, हरन नको देख. हरन धुंदला दिसे तो दिसन दे." डोळा एका वेळी एकाच अंतरावर ठरतो, हे आम्ही पुढे बी.एड.ला असताना पुस्तकात वाचलं. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरची तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलीत कांस्य मिळवलं, तेव्हा दादा हवे होते असं वाटलं. त्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं. जीव न घेता नेम सिद्ध करता येतो, हे त्यांना फार आवडलं असतं.

घरात एक बंदूक मात्र होती. एकनळी, बारा बोअरची, पीक राखण्यासाठी परवाना मिळालेली. दादांमागे ती अब्बांच्या नावावर झाली. उजनीचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात रानडुकरं आली. बंदूक हवेत बार काढण्यापुरतीच. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. परत आली की अब्बा ओटीवर चादर पसरून तिच्यावरचा गंज निवांत उतरवत बसत.

अब्बांनी सत्तरी ओलांडली, हात कापू लागला. परवाना आता आमच्या नावावर करायचा का, हा प्रश्न दोन वर्षं घरात होता. बायको म्हणाली, "शिकवणीला पोरं येतात." ते खरंच होतं. पण दुसरंही एक होतं. शेजारच्या पाटलांच्या ओसरीवरची बंदूक मानाची असते. आमच्याकडची दिसली की लोक हसत हसत विचारतात, "मास्तर, बंदूक कशाला हो घरात?" विचारणारे परके नसतात, ईदला शिरखुर्मा प्यायला येणारेच असतात. त्यांना उत्तर द्यायला दादांची सगळी गोष्ट सांगावी लागते. प्रत्येकाला ती कुठवर सांगायची?

अब्बांना हे आम्ही बोलून दाखवलं नाही. एके दिवशी तेच म्हणाले, "तेरे कू चाक और किताब. ये देके टाकेंगे." आम्हाला सुटल्यासारखंही वाटलं, आणि भ्यायल्यासारखंही.

रीतसर अर्ज केला आणि पुण्याच्या परवानाधारक दुकानात बंदूक नेली. जाण्याआधी अब्बांनी तीन दिवस ती साफ केली. दुकानदाराने नळी उजेडाकडे धरून आत पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. "कुणी ठेवलीय एवढी?" त्याने विचारलं. अब्बा म्हणाले, "हम शिकलगार हैं." किमतीचं बोलणं त्यानंतर झालं, ती फार नव्हतीच.

आता शाळेत पोरांना रांगेत उभं करताना आम्ही 'शिस्त' म्हणतो, तेव्हा कधी कधी थांबून तिचा दुसरा अर्थही सांगतो. पोरं एक डोळा मिटून, हाताची काठी करून फळ्यावर नेम धरतात. वर्गात तेवढा वेळ अगदी शांत असतं.