माणशी पंधरा किलो

केनियाच्या सफारीला निघालात की नैरोबीच्या दोन विमानतळांशी संबंध येतो. मुंबईहून उतरतो तो मोठा, आणि मसाई माराच्या जंगलाकडे छोटी विमाने सुटतात तो विल्सन. या छोट्या विमानांचा सामानाचा नियम कडक असतो. आम्हाला माणशी पंधरा किलो सांगितले होते, तेही हातातली पर्स आणि दुर्बीण धरून. चाकांची टणक बॅग चालत नाही. सामान विमानाच्या पोटाखालच्या अरुंद कप्प्यात दाबून बसवतात, म्हणून मऊ कापडी बॅगच हवी.

आम्ही पाच जण होतो. हे, मी, दोन मुले आणि माझी अम्मी. अम्मी काही सिंह बघायला येत नव्हती. तिची थोरली बहीण, आमची खाला, लग्न होऊन मोंबासाला गेली आणि तिथलीच झाली. कोकणातल्या अनेक मुस्लिम घरांची अशी नाती पूर्व आफ्रिकेत आहेत. दोघी बहिणी सत्तरी ओलांडलेल्या आणि अकरा वर्षांत एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या. आमचा बेत माराहून नैरोबीला न परतता थेट किनाऱ्याकडे उडायचा होता, त्यामुळे खालासाठीचे सामानही त्या पंधरा किलोंतूनच न्यायचे होते. अम्मीने बांधलेल्या गाठोड्यात आमसुले होती, तांदळाचे पापड, कुळथाचे पीठ, आणि आमच्या नानीच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. काट्याला टांगले तर नऊ किलो भरले.

"गोधडी कुरिअरने पाठवू या," हे म्हणाले. अम्मी काही बोलली नाही, फक्त गोधडीची घडी पुन्हा नीट केली. मग ठरले की गाठोडे जसेच्या तसे जाईल आणि ते नऊ किलो आम्ही सगळे मिळून आपापल्या वाट्यातून काढू.

आपल्याकडे बॅगा भरते घरची बाई. सगळ्यांच्या 'असू दे, लागलं तर'चे ओझे तिच्या डोक्यावर असते, आणि तिथे पोचल्यावर "माझे मोजे कुठे?" हेही तिलाच विचारतात. या वेळी मी प्रत्येकाला एकेक रिकामी बॅग दिली आणि वजनकाटा दाराच्या कडीला अडकवून ठेवला. मुलाने आधी क्रिकेटचे बूट काढले, मग व्हिडिओ गेम. यांनी चार पँटींच्या दोन केल्या. मुलीला चार दिवस लागले, पण तिची बॅग सर्वांत हलकी निघाली.

कपड्यांच्या बाबतीत आपल्याला फारसे शिकावे लागत नाही. जंगलात जे घाला म्हणतात, म्हणजे पूर्ण बाह्या, पायघोळ, सुती, सैल आणि डोक्याला स्कार्फ, ते आपण रोजच घालतो. डासांपासून बचाव होतो, उन्हापासूनही. प्रश्न रंगाचा. धुळीत पांढरे टिकत नाही आणि काळ्या-गडद निळ्या रंगाकडे त्सेत्से माशी ओढली जाते. म्हणून खाकी, बदामी, मेंदी अशा रंगांचे तीन जोड प्रत्येकी घेतले. अम्मीचा काळा बुरखा घरी राहिला आणि बदामी शिवून घेतला. "हा काय रंग झाला?" असे ती विमानात बसेपर्यंत म्हणत होती. कॅम्पमध्ये कपडे धुऊन मिळतात, मात्र आतले कपडे बहुतेक ठिकाणी आपले आपणच धुवायचे असतात, तेव्हा साबणाची छोटी वडी हवी. स्वेटर एकच, तोही अंगावर. विषुववृत्त जवळ असले तरी मारा दीड हजार मीटरच्या वर आहे. उघड्या छपराच्या गाडीत पहाटे दात वाजतात.

आणखी एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवावी. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. चिवडा, चकल्या, औषधे, ओले कपडे, सगळे प्लास्टिकमध्ये गुंडाळायची आपली सवय तिथे चालत नाही. मी जुन्या ओढण्यांच्या पिशव्या शिवल्या. स्टीलच्या डब्यापेक्षा त्या कितीतरी हलक्या.

पीतज्वराच्या लशीचे कार्ड मात्र हातातल्या पर्समध्येच हवे. लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि परत येताना आपल्याच देशात कार्ड मागतात. साठीच्या वरच्यांनी लशीबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. अम्मीच्या वेळी आम्ही ते केले. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या दोन पर्समध्ये विभागून ठेवल्या.

नमाजसाठी पाच जणांत एकच पातळ सुती चादर नेली. मुसाफिराला शरीयतने चार रकातींच्या दोन करून दिल्या आहेत, आणि आम्ही शाफई असल्यामुळे जोहर-असर एकत्र पढता येते. जंगलात ठरावीक जागांखेरीज गाडीतून उतरू देत नाहीत, तेव्हा या सवलतीची किंमत कळते. मुलांना मौज वाटली ती किबल्याची. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करतो, तिथे मक्का जवळजवळ सरळ उत्तरेला. अम्मीला रोज एक पारा पढायचा असतो. मोठ्या अक्षरांचा कुरआन शरीफ जड आणि मोबाईलवर पढणे तिला जमत नाही. मशिदीत खतमसाठी सुटे तीस पारे असतात, तसा संच आमच्या घरी आहे. त्यातले नऊ दिवसांचे नऊ पारे तिने ओढणीच्या पिशवीत घेतले.

विल्सनवर काट्यावर आमच्या पाचही बॅगा एकदम ठेवल्या. पंचाहत्तर किलोंची मुभा होती, त्र्याहत्तर भरले.

मोंबासाच्या जुन्या शहरात, फोर्ट जीझसच्या मागच्या गल्ल्यांतून चालताना जिकडे तिकडे बायका काळ्या बुइबुईत. "बघ, इथे सगळ्या काळ्यातच आहेत," अम्मी मला म्हणाली. खालाने गोधडी हातात घेतली, एक ठिगळ ओळखले, "हे ईदचं लुगडं" म्हणाली, आणि मग बराच वेळ दोघी नानीविषयीच बोलत राहिल्या. आमसुलांची पिशवी सोडायचे त्या संध्याकाळी कोणालाच सुचले नाही.

परत निघताना गाठोड्याच्या जागी मबुयू, म्हणजे लाल रंगातल्या बाओबाबच्या आंबटगोड बिया, आणि दोन कांगा आल्या. बदामी बुरखा खालाला आवडला, तो तिने ठेवून घेतला. अम्मी मुंबईला उतरली ती खालाच्या काळ्या बुइबुईत.