उसवलेला सांधा

ड्रमरचं वय त्याच्या हातात आधी दिसतं. वेग उतरला की वर्षानुवर्षं कमी लेखलेला साधा ठेका नव्यानं ऐकू येऊ लागतो. माझं तेच चाललं आहे, म्हणून 'ड्रीम थिएटर' या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडच्या १९९७ मधल्या 'फॉलिंग इन्टू इन्फिनिटी' या अल्बमवरचं माझं जुनं मत मला बदलावं लागतं. बाजारासाठी त्यांनी संगीत सोपं केलं, असं आम्ही म्हणत आलो. 'यू नॉट मी' हे गाणं लिहायला बँडचा गिटारवादक जॉन पेट्रुचीबरोबर डेस्मंड चाइल्ड हा बाहेरचा, लोकप्रिय गाणी लिहिणारा गीतकार बसला, हाच आमचा पुरावा. पण १९९२ मध्ये त्यांना श्रोते मिळवून देणारं 'पुल मी अंडर' आठ मिनिटांहून लांब होतं, आणि याच अल्बमच्या शेवटी 'ट्रायल ऑफ टीअर्स' तेरा मिनिटं चालतं. सोपेपणाचा आरोपही तसाच टिकत नाही. संथ चार मात्रांच्या ठेक्यात हाताला लपायला जागा नसते. सात मात्रांची मोजणी मात्र लपायला छान असते. माझ्या सातात कितीतरी वेळा समोरच्या वादकाला दिपवण्याची हौसच जास्त होती.

दोष मला दिसतो तो गाण्याच्या भागांमधल्या सांध्यात. 'बर्निंग माय सोल'च्या पोटातला वाद्यांचा भाग कापून 'हेल्स किचन' ही वेगळी रचना केली गेली. सांधा असा असतो: सात मात्रांचा रिफ आणि चार मात्रांचा ठेका २८ मात्रांनी समेवर भेटतात; त्या भेटीपर्यंत पायातली लय न हलवता ऐकणाऱ्याला धरून ठेवणं, एका भागातून दुसऱ्यात त्याला नकळत उतरवणं, हेच या संगीतातलं अवघड काम. ते मला आजही हमखास जमत नाही. कापल्यावर दोन्ही तुकडे चांगलेच राहिले, फक्त एकातून दुसऱ्यात जाण्याचं कारण गेलं. रेकॉर्ड कंपनीनं दुहेरी अल्बम नाकारला होता, मग वादकांना दोष का, असं कुणी विचारेल. नकाराचा जाच खराच. त्यांच्या 'मेट्रोपोलिस' या गाण्याचं वीस मिनिटांचं दुसरं पर्व त्यामुळे मागे राहिलं आणि १९९९ मध्ये अख्खा अल्बम होऊन आलं. पण तो नकार किती गाणी घ्यायची याबद्दल होता. एका गाण्याच्या आत सुरी कुठं फिरवायची, हा कारागिरीचा प्रश्न आहे, आणि संगणकावर तुकडे चिकटवणाऱ्या आजच्या बँडांना तो पडतही नाही, याचं मला वाईट वाटतं.

अल्बमवर 'बर्निंग माय सोल' आणि 'हेल्स किचन' पाचव्या आणि सहाव्या क्रमांकावर, लागूनच आहेत. सलग ऐका, आणि पहिल्याच्या मधोमध दुसरं कुठं बसत असेल ते पायानं मोजून पाहा.